खडझरीचं कडं

घारपुरे सर खंदकात उतरले आणि जरा वेळानं आतून मोठ्यानं हसण्याचा आवाज आला.

वर काठावर अख्खं गाव उभं होतं. पुरुष फावडी टेकून, बायका डोक्यावरचे पदर सावरत, आणि दोन डफडीवाले वाजवायच्या तयारीत. तलावाच्या पाळीसाठी, म्हणजे मातीच्या बांधासाठी, खणलेल्या त्या पायाला आज कातळ लागला होता. कातळ लागला की नारळ फोडायचा, ही खडझरीची रीत. नारळाचा मान डोमाजी कापगत्यांनी सरांना दिला होता. "दगडाचे साहेब तुमी. दगड लागला, तुमीच फोडा जी." पण नारळ राहिला बाजूला. सर खाली गुडघ्यांवर रांगत होते. बाटलीतलं पाणी ओतून दगड पुसत होते, भिंगातून बघत होते, वीतभर पुढं सरकून पुन्हा पुसत होते. मग हसले. त्यांना हसताना मी तोवर पाहिलंच नव्हतं. त्यांच्या हाताखाली ते माझं पहिलं वर्ष, आणि त्या वर्षात माझ्या वाट्याला आलेलं सगळ्यात मोठं कौतुक म्हणजे "बरं आहे, फणसे."

"फणसे, उतरा खाली! बघत काय राहिलात?"

मी उतरले. खंदकाच्या एका भिंतीत दगडांचा नुसता चुराडा होता. गुलाबी, राखाडी, काळपट, मुठीएवढे, डोक्याएवढे तुकडे, टोकदार कडांचे, एकमेकांत खुपसलेले. त्याला लागून हिरवट पांढऱ्या मातीचा अरुंद पट्टा, आणि त्याच्या पलीकडे पुन्हा तसाच चुराडा.

"काय आहे?" सरांनी विचारलं. तोंडी परीक्षेत विचारावं तसं.

"भेग आहे सर. आपल्या कड्याची भेग."

"मिळाली! अहो, मिळाली!"

ते तरुणासारखे भराभरा वर चढले आणि समोर उभ्या असलेल्या डोमाजींना त्यांनी कडकडून मिठी मारली. डोमाजी आधी गांगरले. उभ्या जन्मात कुठल्या साहेबानं त्यांना अशी मिठी मारली नसणार. मग त्यांच्या चेहऱ्यावर उजेड पडला. ते लोकांकडे वळले आणि ओरडले, "दगड पास झाला! साहेब खूश!"

डफडी वाजायला लागली. मीही हसत होते, टाळ्या वाजवत होते. काय झालंय ते माझ्या लक्षात यायला संध्याकाळ व्हावी लागली.

खडझरी हे झाडीपट्टीतलं लहानसं गाव. गावाभोवती टेकड्यांचं गोल कडं. वरून पाहिलं तर ताटात बांगडी ठेवल्यासारखं दिसावं इतकं गोल. फक्त एका जागी ते तुटलेलं होतं आणि त्या फटीतून नाला बाहेर पडत होता. सर ऐन तरुणपणी इथे आले आणि त्यांनी मनाशी ठरवून टाकलं, की या साध्या टेकड्या नव्हेत. इथे एके काळी ज्वालामुखी होता आणि तो अख्खाच्या अख्खा खाली खचला. ज्या गोल भेगेवरून तो घसरला, तिच्यात मागाहून तापलेला रस शिरून थिजला, त्याच्या या टेकड्या. कोट्यवधी वर्षांच्या पावसानं बाकीचं सगळं धुऊन नेलं, एवढं बूड उरलं.

आमच्या भूगर्भ खात्यात हे कुणाला पटत नव्हतं. घारपुऱ्यांचा ज्वालामुखी म्हणजे चहाच्या वेळचा विनोद होता. सरांनी त्यावर कधी वाद घातला नाही. ते दर हिवाळ्यात येत राहिले, टेकडी न् टेकडी पायाखाली घातली, जिथे थर दिसेल तिथे त्याचा उतार मोजला. जिथे मोजावा तिथे थर आतल्या बाजूला झुकलेला. कड्याच्या आत सगळी थिजलेली राख, बाहेर जुना ग्रॅनाइट. सगळं जुळत होतं, नाल्याची ती फट सोडून. तिथे पुरुषभर माती साचलेली, खालचं काही दिसायची सोयच नाही. आमच्या धंद्यात डोळ्यांनी पाहिलेली हद्द सलग रेघेनं काढतात, अंदाजाची तुटक रेघेनं, आणि मातीखाली गाडलेली ठिपक्यांनी. सरांच्या कड्याला त्या फटीत ठिपके होते. "ठिपक्यांवर ज्वालामुखी उभा राहत नाही, घारपुरे," असं आमचे मोठे साहेब सगळ्यांच्या देखत म्हणाले होते. सरांचं ते शेवटचं वर्ष होतं. दिवाळीला निवृत्त व्हायचे होते.

त्याच फटीवर दुसऱ्या एका माणसाचा डोळा होता. डोमाजी कापगते जातीचे कोहळी. कोहळ्यांचं नाव निघालं की त्या मुलखात लोक तलावाचं बोलतात, इतक्या त्यांच्या पिढ्या त्यात गेलेल्या. शेजारच्या प्रत्येक गावाला तलाव, तलावाखाली धानाची शेती. खडझरीला मात्र एक डबकं, तेही शिमग्यापर्यंत आटायचं. धान पिकला तर पावसाच्या मर्जीनं. "कोहळ्याचं गाव, अन् तलाव नाही," असं लोक तोंडावर म्हणायचे. त्यापेक्षा वाईट म्हणजे या गावात मुली द्यायचे नाहीत. डोमाजींचा एकुलता एक मुलगा शालिक, चांगला उंचापुरा, कामाचा, तिशीला आला तरी बिनलग्नाचा होता. त्याच्या बरोबरीचे निम्मे जण गाव सोडून गेले होते. डोमाजींना कळून चुकलं होतं की तलाव झाला तर गाव राहील, नाही तर शालिकही जाईल. त्या फटीत आखूडशी पाळ घातली की अख्खा कटोरा पाण्यानं भरेल, हे त्यांनी हेरलं. सरकारच्या दारात उभं राहून चपला झिजल्या, तेव्हा त्यांनी गावालाच कामाला लावलं. परवानगी नाही, मदत नाही, नुसती माणसांच्या हातांची पाळ.

नारळाच्या दिवशी काठावर मुरारी लंजे नावाचे पाहुणे उभे होते. दोन गावं पलीकडचे, मोठ्या तलावाखालचे शेतकरी. त्यांची मुलगी शालिकला सांगून आली होती, पण ते तलावावर अडून बसले होते. सरांनी मारलेली मिठी त्यांनी पाहिली. तिथल्या तिथे त्यांनी डोमाजींना होकार दिला.

संध्याकाळी आमच्या तंबूत सर नकाशा पसरून पेन्सिलीला टोक काढत बसले होते. कधी नाही ते गुणगुणत होते.

मी म्हटलं, "सर, पाण्याचं काय?"

"कसलं पाणी?"

"तलावाचं."

पेन्सिल हातातच राहिली.

"खाली सगळा चुराडा आहे," मी म्हटलं. "पाणी चढलं की भेगेत शिरेल आणि कुठच्या कुठे जाईल. टिकणार नाही ना?"

सरांनी ती खाली ठेवली. मग म्हणाले, "नाही टिकणार. टिकणं शक्य नाही."

"आणि ते लोक समजतायत की आपण दगड पास केला."

"मी कुठे म्हटलं तसं?"

"तुम्ही हसलात, सर."

त्यांनी नकाशा गुंडाळला. मला त्यांची दया आली आणि रागही आला. इतकी वर्षं या गावात येऊन ज्या माणसाला गावाच्या पाण्याचा विचार सुचला नाही, तो नंतर डोकं धरून बसतो, तेव्हा दुसरं काय वाटणार? पण सर मनानं सरळ होते. "उद्या सकाळी जाऊन सांगू," ते म्हणाले. "मीच सांगतो."

सांगितलं, पण कसं? भल्या माणसाला बोलण्याचा आगापिछा कधी कळलाच नाही. डोमाजींच्या ओसरीवर चहाचा कप हातात आला तसे ते म्हणाले, "डोमाजी, तो खंदक बुजवू नका. आमचे मोठे साहेब बघायला यायचेत. माझं सगळं आयुष्य त्यात आहे." हे बोलून झाल्यावर मग म्हणाले, "आणि दुसरं असं, की तिथे पाणी राहणार नाही."

डोमाजींनी कप खाली ठेवला. शालिक दाराला टेकून ऐकत होता.

"म्हंजे खड्डा तुमाले पायजे," डोमाजी म्हणाले.

"पाहिजे. पण ते वेगळं. पाणी खरंच राहणार नाही."

"साहेब, काल तुमी मले कवटाळलं. वाईट दगड लागला मनून कोनी कवटाळते का जी?"

"माझ्या दृष्टीनं तो चांगला आहे. तुमच्या दृष्टीनं वाईट."

"एकच दगड?"

"एकच."

डोमाजी हसले. त्यात उपहास नव्हता. लबाडी पकडल्यावर पाहुण्याचा मान राखून हसावं, तसं ते हसणं होतं. माझ्या अंगाची लाही झाली. मी म्हटलं, "डोमाजी, सर खोटं बोलत नाहीत. तुमची वर्षभराची मेहनत वाहून जाईल."

"बाई, तुमी लेकीसारख्या. साहेब मोठे मानूस. पन आमच्या घरची रीत सांगतो." ते मांडी बदलून बसले. "माहा बाप कोन्या साहेबाले नव्हता विचारत. पान्याले विचारे. पायात खड्डा खंदे, संध्याकाळी भरे, सकाळी पाहे. पानी रायलं त पाळ. गेलं त दुसरी जागा. आपन पान्याले विचारू. त्यानं नाही मनलं त मी उद्याच फावडं ठेवतो."

सरांचा चेहरा खुलला. माझाही खुलला असणार. इतका साधा, इतका सरळ मार्ग. त्या चुराड्यात ओतलेलं पाणी बघता बघता दिसेनासं होणार, हे आम्हाला दोघांना सूर्यप्रकाशाइतकं स्पष्ट होतं.

"मान्य," सर म्हणाले. "पाणी सांगेल ते मला मान्य. तुम्हाला?"

"मले त मान्यच आहे जी. मीच त बोललो."

दुपार कलल्यावर सगळे खंदकात उतरलो. डोमाजींनी धोतर खोचलं, कुदळ उचलली आणि थेट त्या चुराड्याच्या भिंतीशी जाऊन उभे राहिले. कुदळ वर गेली.

"तिथे नको!" सर ओरडले.

कुदळ थांबली.

"तिथे नको, डोमाजी. ती भिंत राहू द्या तशीच. इथे खणा, इथे सोपं जाईल." आणि त्यांनी शेजारच्या हिरवट मातीच्या पट्ट्याकडे बोट दाखवलं.

मला त्यात काही वावगं वाटलं नाही. चांगल्या उघड्या पडलेल्या दगडावर कुणी कुदळ उगारली की आमच्यापैकी कुणीही ओरडेल. शिंप्याच्या कापडावर कुणी पाय दिला तर तो ओरडेल, तसंच ते. हाताखालचा पुरावा आधी जपायचा, बाकीचं मग. डोमाजींनी मान हलवली आणि सरांनी दाखवलं तिथे खणायला घेतलं. माती लोण्यासारखी कापली गेली.

पाणी बायकांनी आणलं. गावची विहीर तळाला गेली होती, म्हणून कड्याबाहेरच्या झिऱ्यावरून आणलं. डोक्यावर दोन दोन गुंड, म्हणजे पितळी हंडे, घेऊन ओळीनं येत होत्या, खंदकात वाकून ओतत होत्या, परत जात होत्या. त्यांच्या घरी प्यायला तेवढंच पाणी होतं. खड्डा काठोकाठ भरला तेव्हा सूर्य कड्याआड गेला होता.

सकाळी आम्ही गेलो तेव्हा काठावर लोक जमलेले होते. मी वाकून पाहिलं. पाणी काठोकाठ होतं. त्यावर मोहाचं एक पान तरंगत होतं.

सर खाली उतरले. त्यांनी पाण्यात कोपरापर्यंत हात घातला, तळ चाचपला, मूठभर माती वर काढली आणि बोटांत चोळली. त्यांच्या चेहऱ्याचा रंग उडाला. तेवढ्यात माझ्याही लक्षात आलं. तो डोंगर खचताना दगडावर दगड घासून त्यांचं पीठ झालेलं होतं, त्या पिठाची ती चिकणमाती. कुंभारानं मडकं करावं अशी. तिच्यात खणलेला खड्डा म्हणजे मडकंच. पण तो पट्टा होता दोन हात रुंद, आणि दोन्ही बाजूंना तळाचा पत्ता नसलेला चुराडा.

"ही जागा चुकली," सर म्हणाले. "डोमाजी, ऐका. ही माती आहे, हिच्यात पाणी राहणारच. ही एवढीच आहे. इथे नाही, त्या भिंतीत खणा. त्या भिंतीत पाणी ओता!"

"साहेब," डोमाजी म्हणाले, "जागा तुमीच दाखवली."

ते रागानं बोलले असते तर बरं झालं असतं. लहान मुलाची समजूत घालावी तसे बोलले.

सरांनी त्यांच्या हातातली कुदळ हिसकली. ती भिंत, ज्या भिंतीसाठी ते आयुष्यभर थांबले होते, जिच्यावर त्यांनी काल कुणाला ओरखडा काढू दिला नव्हता, तिच्यावर ते घाव घालायला लागले. तुकडे निखळून पडत होते. धापा टाकत त्यांनी खळगा केला आणि आपल्या बाटलीतलं पाणी त्यात ओतलं. पाणी क्षणात गेलं. "बघा! बघा, गेलं!"

"बाटलीभर पानी कोटीबी जिरते जी," वरून मुरारी लंजे म्हणाले. दोघंतिघं हसले.

"आणखी आणा पाणी! एक गुंड आणा!"

कुणी हललं नाही. कालचं पाणी बायकांनी पोरांच्या तोंडचं काढून दिलं होतं, ते पाणी जागेवर होतं, आणि बोली पूर्ण झाली होती. मी बायकांच्या तोंडाकडे पाहिलं आणि मलाही मागायचा धीर झाला नाही. शालिक खाली उतरला. त्यानं सरांच्या हातातून कुदळ अलगद काढून घेतली आणि त्यांना दंडाला धरून वर आणलं. डोमाजींनी गावाकडे पाहिलं आणि म्हणाले, "चला, माती टाका."

पुढं सगळं भराभर झालं. पावसाच्या आत पाळ उभी राहायला हवी होती. गावानं रात्रंदिवस माती वाहिली. सरांनी तालुक्याला जाऊन हात जोडले, पण हा तलाव सरकारच्या दप्तरी नव्हताच, त्यामुळे तो थांबवायला कुणी पुढं येईना. मोठे साहेब आले तेव्हा खंदकाच्या जागी पुरुषभर उंचीची पाळ होती. त्यांनी तिच्यावरून फेरी मारली, पलीकडच्या टेकड्या पाहिल्या आणि नकाशावर बोट ठेवून म्हणाले, "ठिपकेच ठेवा, घारपुरे." सर "हो" म्हणाले. ज्वालामुखीबद्दल त्यांनी एक अवाक्षर काढलं नाही. परतीच्या वाटेवर जीपमध्ये मी काही बोलायला गेले तर त्यांनी हातानंच मला थांबवलं.

वैशाखात शालिकचं लग्न झालं. आम्हाला आग्रहाचं बोलावणं होतं. सर गेले, पंगतीत बसले, पानातलं सगळं निमूट खाल्लं. नवरी मुलगी ठेंगणी, हसरी, देवला नावाची. डोमाजींनी तिला आम्हा दोघांच्या पाया पडायला लावलं. "या साहेबाच्या पायगुनानं तलाव झाला," म्हणाले. सरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

पोळ्याच्या सुमाराला खडझरीकडून आलेल्या जीपवाल्यानं बातमी दिली, की तलाव तुडुंब भरलाय, डोमाजींनी मुद्दाम सांगायला सांगितलंय. मी सरांना सांगितलं. ते म्हणाले, "चांगलं झालं." मग दर आठवड्याला विचारायला लागले, "फणसे, काही कळलं?" मी सांगायची, भरलेला आहे. तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे यायचं त्याला समाधान म्हणतात, दुसरं काही नाही. आम्ही दोघं शिकलीसवरलेली माणसं रोज देवाकडे मागत होतो, की आमचं सगळं शास्त्र खोटं ठरू दे. दसऱ्यानंतर तिकडची बातमी येईनाशी झाली.

आज छापील नकाशात खडझरीचं कडं सलग रेघेनं पूर्ण आहे. खाली कोपऱ्यात सरांचं नाव आहे, माझं आहे. कॉलेजांच्या सहली तिथे जातात, मुलं फोटो काढतात, आणि मास्तर त्यांना सांगतात की खचलेला ज्वालामुखी कसा ओळखावा याचा हा उत्तम नमुना. ते कडं पूर्ण कसं झालं, हे मला कुणी विचारत नाही. विचारलं तर मी काय सांगणार आहे?

त्या वर्षी दिवाळी होऊन गेल्यावर आम्ही गेलो. सर निवृत्त झाले होते, पदरच्या खर्चानं आले. पाळीवर चढलो आणि उभेच राहिलो. तलावात पाणी नव्हतं, थेंब नव्हता. नुसतं नव्हतं असं नाही. जाताना ते पाणी भेगेवरची सगळी माती आपल्याबरोबर खाली ओढून घेऊन गेलं होतं. तलावाच्या तळावर या टेकडीच्या पायथ्यापासून त्या टेकडीच्या पायथ्यापर्यंत, पाळीला लागूनच आतल्या बाजूनं, एक खोल चर पडला होता. गोलाईत वळत गेलेला, कंपासनं काढल्यासारखा. चराच्या दोन्ही कडांना धुऊन लख्ख झालेला चुराडा. इतका सुंदर उघडा दगड मी तोवर पाहिला नव्हता आणि नंतरही पाहिला नाही. पाळीखालच्या शेतांतल्या बांध्यांत धान लोंबीवर येऊन जळून उभा होता.

सरांनी एकदा नजर फिरवली. मग ते पाळीवर बसले, चराकडे पाठ करून.

"सर, मोजायला हवं," मी थोड्या वेळानं म्हटलं.

"तुम्ही मोजा, फणसे. माझ्याच्यानं नाही होणार."

मी एकटी उतरले. टेपचं दुसरं टोक धरायला कुणी नव्हतं, म्हणून ते दगडाखाली ठेवत होते आणि ते सारखं निसटत होतं. कुणीतरी येऊन ते टोक उचललं. डोमाजी होते. एवढ्या दिवसांत फार वाळले होते. मी काही बोलणार तोच म्हणाले, "कोटी धरू, जी?"

मी जागा दाखवली. आम्ही मोजायला लागलो. ते चरातून चालत होते, थांबत होते, टोक टेकवत होते. एकदाही चुकले नाहीत.

"शालिक कुठे आहे?" मी विचारलं.

"गेला. रायपूरकडे, इटाच्या भट्टीवर. देवलाबी गेली. पोटात होतं तिच्या, तरी गेली." जरा थांबून म्हणाले, "त्यायच्या मांगं आनखी चार घरं गेली. आता जे रायले ते मायासारके."

थोडं पुढं गेल्यावर त्यांनी वर टेकड्यांकडे पाहिलं. "बाई, साहेब म्हनत ते खरं? इथं डोंगर होता?"

"होता. खूप मोठा. या टेकड्यांच्या कितीतरी वर गेलेला."

"मंग बसला कसा? एवढा मोठा?"

मला वाटलं, त्यांना कळेल असं काहीतरी सोपं सांगावं. मी म्हटलं, "त्याच्या पोटात तापलेला रस होता, डोमाजी. त्याच रसावर तो उभा होता. एक दिवस तो सगळा बाहेर निघून गेला. आत काही उरलं नाही, मग वरचं खाली बसलं."

डोमाजींनी मान हलवली. नवीन काही ऐकल्याचं त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं नाही.

"बसनारच," ते म्हणाले. "आतले गेल्यावर कायच्या भरवशावर उभं राहीन?"

मग त्यांनी वाकून टेपचं टोक दगडावर घट्ट दाबून धरलं आणि माझी वाट बघत राहिले.

"मोजा जी," ते म्हणाले.